मदत हवी आहे: मातीच्या खवले मांजराचे खवले सुटतात

ग्रॉगवाल्या (भाजलेल्या मातीचा चुरा मिसळलेल्या) स्टोनवेअर मातीत, म्हणजे जास्त तापमानाला भाजायच्या मातीत, खवले मांजर करतोय. लांबी 35 सेंमी, आतून पोकळ, भिंत 8 मिमी, पोटाला हवेचं भोक. 3 मिमी जाडीचे खवले शेपटीकडून डोक्याकडे कौलांसारखे चढवलेत. नुसती नक्षी कोरायची नाही, कडा सुट्याच दिसायला हव्यात.

टोकं आधी वाळून वर वळतात, मुळाशी बारीक चीर पडते आणि 1000 अंशांच्या बिस्किट (पहिल्या) भाजणीत खवला तिथूनच निघतो. तेही फक्त पाठीच्या बाकावर, शेपटी शाबूत! खरवडून व्हिनेगरची स्लिप (चिकटवायला पातळ केलेली माती) लावली, प्लास्टिकखाली सावकाश वाळवलं, टोकांना मेण लावलं. फरक थोडाच.

भट्टी इलेक्ट्रिक, 1200 अंशांपर्यंतच. मूर्ती बागेत राहणार, म्हणून इपॉक्सी नको. स्लिपमध्ये कागदाचा लगदा किती घालावा? आणि खवले अंगाइतकेच लेदर-हार्ड (अर्धवट वाळून कातड्यासारखे घट्ट) करून लावावेत, की ओलसर असतानाच?