फावडं, बेलचा की टिकाव? रुतलेल्या गाडीसाठी नेमका शब्द हवाय

रुतलेला इंदोरी :
नमस्कार मंडळी. आमचा चार गाड्यांचा छोटा गट आहे. रविवारी इंदूरहून निघून जानापाव, चोरल, पातालपानी या बाजूला कच्च्या रस्त्यांवर भटकतो. नव्या लोकांसाठी गाडीत ठेवायच्या सामानाची यादी मराठीत करतोय. ‘टो-पट्टा’ (गाडी ओढायचा पट्टा), ‘शॅकल’ (तो अडकवायची लोखंडी कडी) हे तसंच ठेवलं, मराठी करून दुकानदाराला कळणार नाही. अडलो शॉवेलपाशी. मी बेधडक ‘फावडं’ लिहिलं, तर एकजण खरंच फावडं घेऊन आला. आडव्या पात्याचं, विहिरीवर असतं तसं. माझ्या डोक्यात होतं ते सरळ पात्याचं, पाय देऊन मातीत घालायचं.

चूक कोणाची? आमच्या घरात तर आणखी गोंधळ. आई ‘फावडा आणला’ म्हणते, पुल्लिंगी. आजी ‘खोरं’ म्हणायची. कामावरचे मजूर फावड़ा, गैंती, सब्बल, तगारी.

लोहामंडीवाले काका :
चूक तुझी. फावडं म्हटल्यावर फावडंच येणार.

बाळा, आधी पातं बघ. फावड्याचं पातं दांड्याला जवळजवळ काटकोनात असतं, म्हणून ते आपल्याकडे ओढायचं अवजार आहे. शॉवेलचं पातं दांड्याच्या रेषेत असतं. ते पुढे खुपसायचं, उचलायचं, बाजूला फेकायचं. एक ओढतं, दुसरं ढकलतं. आपली भाषा हे विसरलेली नाही. ‘खोऱ्याने पैसा ओढतो’ असंच म्हणतात ना? खोऱ्याने पैसा कोणी ढकलत नाही. तुझी आजी म्हणायची तेच खोरं. नर्मदेचं खोरं वेगळं, तिथे नांगर-फावडं काही नाही, ती दरी.

आता हिशेब मांड. टिकाव म्हणजे गैंती. पहार म्हणजे सब्बल. घमेलं म्हणजे तगारी. कुदळ जरा घोटाळ्याची आहे. मूळ संस्कृत कुद्दाल, पण कुठे ती टिकावासारखी टोकदार, कुठे रुंद पात्याची. भूमिपूजनाला मंत्री मारतात ती कुदळ नुसती फोटोपुरती.

आणि तुला हवंय त्याला आपल्याकडे सरळ शब्द आहे : बेलचा. फारसीत ‘बेल’ म्हणजे जमीन खणायचं अवजार, त्याचं लहान रूप बेलचा. बाग-बगीचा तसं बेल-बेलचा. इंदुरात कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात बेलचा माग, देतील. फक्त तो विचारेल, गोल की चौकोनी? चौकोनी रेती-गिट्टी भरायला. तुला गोल, म्हणजे पुढे टोक असलेला.

सातारकर :
काका, माहिती उत्तम, पण ‘बेलचा’ आमच्याकडे गावात कोणी म्हणत नाही. मी तरी फक्त हिंदीत ऐकलाय. यादी मराठी माणसांसाठी असेल तर ‘सरळ पात्याचं फावडं’ लिहा. लांबलं तरी चालेल, कळतं तरी.

लोहामंडीवाले काका :
सातारकर, यादी इंदूरच्या मराठी माणसासाठी आहे हो. तो सामान साताऱ्यात घ्यायला येणार नाही.

बडोद्याची ताई :
आमच्याकडची भर. गुजरातीत फावडं म्हणजे पावडो, टिकाव म्हणजे त्रिकम, पहार म्हणजे कोश, घमेलं म्हणजे तगारुं. आमच्या घरात मराठी बोलतानाही ‘त्रिकम आण’ असंच येतं. लग्न होऊन पुण्याला गेलेल्या माझ्या बहिणीने तिथे त्रिकम मागितला, तर सासऱ्यांना वाटलं त्रिकम नावाचे कोणी पाहुणे यायचेत.

रुतलेला इंदोरी :
ताई, हे घरी वाचून दाखवलं.

काका, पटलं. पण गेल्या भाद्रपदातली गोष्ट सांगतो, कारण तुमचा ‘ओढणं-ढकलणं’ मुद्दा मी तेव्हा बघितला, फक्त शब्द नव्हता.

जानापावच्या पायथ्याशी शेताच्या बांधावरून गाडी घसरली आणि काळ्या मातीत बसली. माळव्याची काळी माती तुम्हाला माहीतच आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पाणी पिऊन फुगली की गोंद. चाकं जागच्या जागी फिरायला लागली, मी आणखी गॅस दिला, आणि गाडी पोटावर टेकली. मागच्या डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला गिअरचा डबा, मातीत. मग चाकांवर वजनच राहत नाही, फोर व्हील टाका नाही तर काही टाका.

माझ्याकडे घडीचा बेलचा होता, दीड फुटाचा, पिशवीत मावणारा. पहिल्या पाच मिनिटांत बिजागरी डुगडुगायला लागली. चिखल पात्याला असा चिकटला की झटकूनही पडेना, काठीने खरवडावा लागे. कर्णाने रथाचं चाक हाताने काढायला घेतलं त्याचं तेव्हा काही वाटेनासं झालं. दुसऱ्या गाडीत टिकाव होता, तोही चालवून बघितला. ओल्या काळ्या मातीत टिकावाचा टिकाव लागत नाही! टोक आत जातं आणि आतच राहतं. फुटायला माती कडक तर हवी.

तेवढ्यात शेताचे मालक आले. माझा घडीचा बेलचा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाले, “भैया, इससे तो भजिये तलो.” झाऱ्यासारखा दिसत होता खरा. त्यांनी खोपीतून आपलं फावडं आणलं, पातं बादलीत बुचकळलं आणि चाकांच्या पुढे उतार कापायला घेतला. खड्डा नाही, उतार. हातभर लांब, चाकाच्या रुंदीचा, ज्या दिशेने गाडी निघणार त्या दिशेने चढत जाणारा. प्रत्येक घाव उथळ, माती स्वतःकडे ओढून बाजूला. दर चार घावांनी पातं पुन्हा पाण्यात, म्हणजे चिकटत नाही.

पण गाडीच्या पोटाखाली फावडं चालेना. घाव घालायला वर उचलायचं कुठे? वर चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा. तिथे शेवटी त्यांच्या मुलाने लांब दांड्याचा बेलचा आडवा सरकवला आणि गोळ्याभोवतीची माती उकरून काढली. त्यानंतर टो-पट्टा लावला, पहिल्याच ओढीला गाडी बाहेर.

सातारकर :
‘उकरून’ लिहिलंत, ते मला आवडलं. इथे खणणं नाहीच. विहीर खणतात, पाया खणतात, त्याला टिकाव-पहार. रुतलेलं चाक उकरायचं असतं. पाणी साठलं असेल तर उपसायचं. यादीत ‘खणण्याचं अवजार’ असं लिहिलंत तर लोक टिकावच आणतील.

आणि एक शेतकऱ्याचा शब्द घ्या : वापसा. पाऊस उघडून माती काम करण्याजोगी झाली की ‘वापसा आला’ म्हणतात. वापसा आला नसेल तर औत घालत नाहीत. तुम्ही गाडी घातलीत.

लोहामंडीवाले काका :
हा हा. वापसा न बघता बांधावर जाणाऱ्याला कुठलंही अवजार कमीच.

यादीत दोन ओळी कर. ‘बेलचा : गोल तोंडाचा, अखंड दांडा, छातीपर्यंत उंच, घडीचा नको.’ खाली ‘फावडं : नेहमीचं, पातं अरुंद.’ रुंद पात्यावर काळी माती मणभर बसते आणि खांदे जातात. एकच घ्यायचं झालं तर बेलचा, कारण पोटाखाली दुसरं काही पोचत नाही. गाडी जॅकवर असेल तर मात्र स्वतः खाली शिरू नका. लांब दांडा त्यासाठीच असतो.

आईच्या ‘फावडा’बद्दल : चूक म्हणू नकोस. हिंदी फावड़ा रोज कानावर, लिंग तिकडून आलं. इंदुरी मराठीत असं खूप आहे.

रुतलेला इंदोरी :
दोन्ही ओळी तशाच घेतल्या. सातारकरांसाठी ‘बेलचा’पुढे स्वल्पविराम देऊन ‘म्हणजे सरळ पात्याचं फावडं’ लिहिलंय.

आजीचं खोरं काल माळ्यावर सापडलं. पातं अरुंदच आहे, बोटाने वाजवलं तर खणखणतं. दांडा मात्र वाळवी लागून गेलाय. बाभळीचा नवा घालून बघितला, पण पातं हलतं.

लोहामंडीवाले काका :
दांडा घाल, वरून पाचर ठोक, आणि पात्याकडची बाजू रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेव. लाकूड फुगतं आणि घट्ट बसतं, पण तेवढ्यापुरतंच; वाळलं की पुन्हा हलतं.