‘देवाचं बोलावणं आलं’ असं म्हणू नका!

सदरकर
आमच्या गल्लीतली पोरगी, एमेस्सी झालेली, मागच्या महिन्यात कॉन्व्हेंटला गेली, म्हणजे ख्रिस्ती मठात, धर्मकार्याला वाहून घ्यायला. शेजारच्या काकूंना सांगितलं तर म्हणे, "केजी-वनला शिकवते का?" आता नागपुरात कॉन्व्हेंट म्हणजे केजीच, काकूंचं तरी काय चुकलं. मी तिच्या आईसमोर 'संन्यास घेतला' म्हटलं, तर त्या म्हणाल्या अजून कुठं घेतलाय, आत्ता तर राहून बघून राहिली. मग नेमका शब्द काय बे?

मोसंबी
संन्यास नकोच. संन्यासी स्वतःचं श्राद्ध करून निघतो, इथं पोरी पुढं शाळेत शिकवतात, दवाखान्यात राबतात. अन् हे एका दिवसात होत नाही भाऊ. आधी उमेदवारी, मग नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा शिकाऊ काळ, किमान 12 महिने, मग तात्पुरती व्रतं, ती साधारण 3 ते 6 वर्षं, अन् त्यानंतर कायमची. म्हणून 'व्रत' बरोबर बसतं, ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन. माह्या बॅचचा एक इंजिनिअर ब्रदर झाला, म्हणजे हीच व्रतं घेतली पण फादर नाही, तो म्हणे पैशाचं काही नाही, हॉस्टेलात शेवटच्या आठवड्यात तसंही दारिद्र्यच असायचं, पण कुठं राहायचं काय शिकायचं हे दुसऱ्यानं ठरवायचं, तेच जड जातं.

शाईपेन
ख्रिस्ती मराठीत शब्द आहे की, पाचारण. बायबलमध्येच आहे. इंग्रजीत व्होकेशन म्हणतात ते लॅटिनच्या 'बोलावणे'वरून आलं, अर्थ तंतोतंत जुळतो. पंचाईत एवढीच की बाकीच्यांना पाचारण म्हटलं की पेपरातलं 'अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले' आठवतं 😄 पण मला या शब्दाचं व्याकरण आवडतं. संन्यास आपण घेतो, दीक्षा आपण घेतो, पाचारण मात्र होतं, म्हणजे कर्ता दुसराच कोणी. डिग्री, नोकरी सगळं हातात असताना पोरं जातात तेव्हा घरचे विचारतात 'तू असं का ठरवलंस', अन् पोरगं सांगू शकत नाही, कारण त्याच्या लेखी ते त्यानं ठरवलेलंच नसतं. फक्त सोपं करायला म्हणून 'देवाचं बोलावणं आलं' म्हणू नका, लोक मर्तिकाला येतील.

मोसंबी
हाहा. अन् सेमिनरी? मूळ लॅटिन अर्थ रोपवाटिका. आपण जन्मभर सेमिनरी हिल्सवर बालोद्यान बघायला गेलो, ते नाव सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडलं हे कुठं माहीत होतं. पण तिथं फादर होणारी पोरं शिकतात, ही पोरगी सेमिनरीत गेली म्हणू नये.

शाईपेन
नन अन् सिस्टर पण एक नाही बरं. चर्चच्या काटेकोर भाषेत नन म्हणजे मठाच्या आत राहून प्रार्थना करणारी, बाहेर काम करते ती सिस्टर. छापील मराठीत धर्मभगिनी.

सदरकर
तिच्या आईलाच विचारलं शेवटी. घरी 'सिस्टर व्हायला गेली' म्हणतात म्हणे. तसंच काकूंना सांगितलं. काकू म्हणे, "हो का, कोणत्या हॉस्पिटलात?"