मदत हवी आहे: तांबेऱ्याला टिकणारा गहू कोणता?
नमस्कार मंडळी. आमच्याकडे पोळीसाठी लोक-१ या गव्हाच्या वाणाचाच हट्ट, पण त्यावर तांबेरा हा बुरशीचा रोग लवकर येतो. म्हणून निफाडच्या कृषी संशोधन केंद्राचा फुले समाधान हा वाण पेरायचं ठरतंय. त्याची पोळी मऊ राहते का, हा घरचा प्रश्न. माझा वेगळा आहे. राय या धान्यातून गव्हात आलेलं एसआर३१ जनुक खोडावरच्या तांबेऱ्याला कित्येक वर्षं पुरून उरलं, आणि युगांडात सापडलेल्या यूजी९९ या तांबेऱ्याच्या प्रकारानं त्यालाही चकवलं! बुरशी बदलत जाते, घरचं बियाणं मात्र तेच. मग एकच वाण दरवर्षी पेरावा, की शेजारी दुसराही घ्यावा? समाधानच्या पानांवर कुणाला अलीकडे नारिंगी पुटकुळ्या दिसल्यात का? तालुका आणि पेरणीची तारीखही कळवा.