दुपारचे राग, जॅझ आणि रेडिओ: तुमचे अनुभव लिहा

ठाण्याच्या गडकरी रंगायतनात मैफल म्हटली की बहुधा संध्याकाळची. यमन, पुरिया, बागेश्री हे संध्याकाळ-रात्रीचे राग भरपूर मिळतात. शुद्ध सारंग, भीमपलासी, मुलतानी हे दुपारचे राग त्यांच्या वेळेला ऐकायचे तर रेडिओच लावावा लागतो. ठाणे-नवी मुंबईत दुपारी शास्त्रीय किंवा जॅझ ऐकणाऱ्यांनी जरूर लिहा.

नौपाडा
आई जेवणं आवरली की आधी ट्यूबलाइट बंद करायची, तिच्या चोकमुळे रेडिओवर घरघर यायची. मग सेट हळूहळू फिरवायचा. मिडियम वेव्हची अँटेना म्हणजे सेटच्या आतली फेराइटची दांडी, तिची दिशा जुळली की तानपुरा एकदम स्वच्छ. वृंदावनी सारंगात चढताना शुद्ध निषाद (नी), उतरताना कोमल, हे गाण्याच्या क्लासला जायच्या आधीच माझ्या कानात बसलं होतं. आईला रागाचं नाव सांगता येत नसे, पण सूर जरा हलला की तिची मान उठायची. माझी पहिली गुरू तीच.

वाशी
वर्ल्डस्पेस हा उपग्रह रेडिओ आठवतोय का कुणाला? खिडकीच्या ग्रिलला चपटी अँटेना, उपग्रहाकडे तोंड करून. 'गंधर्व'वर हिंदुस्तानी, 'रिफ'वर जॅझ. शनिवारी दुपारी आधी माझं गंधर्व, चहानंतर ह्यांचं रिफ. 2009 संपताना भारतातली सेवा बंद झाली. फार वाईट वाटलं.

पाचपाखाडी
मी तबला शिकतो. एका दुपारी रेडिओवर जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक यांच्या चौकडीचं 'टेक फाइव्ह' (1959) लागलं आणि बोटं आपोआप मोजायला लागली: तीन अधिक दोन, पाच मात्रा. दहा मात्रांच्या झपतालाच्या निम्म्या! पियानो तेच पाच धरून राहतो आणि ड्रमवाला वर मोकळा खेळतो. आपल्याकडे तबला सोलोला लेहरा (पुन्हा पुन्हा वाजणारी एकच धून) धरतात, अगदी तसंच. ब्रूबेक 1958 मध्ये भारतात येऊन गेले होते.

नेरूळ
आता आकाशवाणीची 'रागम' वाहिनी आहे, 26 जानेवारी 2016 पासून, चोवीस तास. फोनवर लागते. हिंदुस्तानी आणि कर्नाटक दोन्ही असतं, म्हणून शेजारच्या तमिळ मामी दुपारी आमच्याकडेच येऊन बसतात. परवा मधमाद सारंग लागला तर म्हणाल्या, "अगं, ही तर आमची मध्यमावती! आमच्याकडे कचेरी, म्हणजे मैफल, संपवताना गातात." सूर खरंच तेच: सा, रे, म, प आणि कोमल नी. मग मामींनी मध्यमावतीतली एक कृती (रचना) गाऊन दाखवली. सारंग कर्नाटक ढंगात ऐकायचा असेल तर मध्यमावती नक्की शोधा.