मोलियर खरंच राजाच्या ताटाखालचं मांजर होता का?

तिसरी घंटा
सूत्रधारसाहेबांनी काल लिहिलं की सतराव्या शतकातल्या फ्रेंच नाटककार-नट मोलियरला बंडखोर म्हणणं बंद करा, नाटककार ग्रेट असेल पण कंपनीचालक म्हणून तो फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईच्या ताटाखालचं मांजर, राजा नसता तर त्याला कोणी कुत्र्याने विचारलं नसतं. वाचून डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

राजा भेटला १६५८ च्या ऑक्टोबरात. त्याआधीची पंधरा वर्षं कुठे गेली? बापाकडे राजवाड्यातल्या गाद्या-पडद्यांच्या कामाचा पिढीजात हुद्दा होता, पोरगा बसून खाऊ शकला असता. त्याने १६४३ ला मादलेन बेजार, तिची भावंडं आणि अजून काही जणांबरोबर करार करून कंपनी काढली, टेनिस कोर्ट भाड्याने घेऊन त्याचं थिएटर केलं, दोन वर्षांत सगळं बुडालं, मेणबत्तीवाल्याचंसुद्धा बिल थकलं आणि १६४५ ला देण्यापायी तुरुंगात गेला. बाहेर आल्यावर घरी नाही गेला, दौऱ्यावर गेला. लियों, पेझना, बेझिए, रुआं. मध्ये प्रिन्स द कोंतीचा आश्रय मिळाला, तर तो अचानक धार्मिक झाला आणि नाटकवाल्यांवरच उलटला. इतकं पचवून माणूस पॅरिसला परत आला.

आता पैशाचं. १६६५ पासून राजा कंपनीला वर्षाला ६००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) देत होता, बरोबर? धर्माचं ढोंग करणाऱ्याची टर उडवणाऱ्या त्याच्या 'तार्त्युफ' नाटकावर १६६४ ला आलेली बंदी उठली तेव्हा ५ फेब्रुवारी १६६९ च्या एका प्रयोगाचा गल्ला होता २८६० लिव्र. म्हणजे असे दोन-सव्वादोन प्रयोग म्हणजे राजाचं अख्खं वर्षाचं मानधन. कंपनी जगली ती पब्लिकच्या तिकिटावर.

सूत्रधार
गल्ल्याचा सगळ्यात मोठा दिवस उचलायचा आणि त्यावरून हिशोब मांडायचा, वा. त्याचं कंजुषावरचं 'लावार' आज जगभर चालतं, १६६८ ला ते पडलं होतं, तो गल्ला का नाही सांगितला? आणि राजाच्या व्हर्साय, शांबोर वाड्यांत जाऊन केलेल्या प्रयोगांचे पैसे मानधनाच्या वेगळे मिळायचे, ते कुठे गेले तुमच्या हिशोबात?

आणि बंडखोर म्हणता तो मोलियर, त्याचं 'ले फाशो' नाटक बघून राजाने अजून एक शिकारवेडा घाला म्हटल्याबरोबर पात्र घालून मोकळा. मुलाचा गॉडफादर राजा. 'तार्त्युफ' साठी तीनदा अर्ज कोणाकडे केले? राजाकडे. 'दों जुआं' मधलं भिकाऱ्याचं दृश्य लगेच कापलं आणि नाटक पंधरा प्रयोगांनंतर गुपचूप उतरवलं. यात बंड कुठे आहे ते दाखवा.

तिसरी घंटा
अर्ज राजाकडे नाही करणार तर कोणाकडे, नगरपालिकेकडे? त्या काळात 'तार्त्युफ' लिहिणाऱ्याला जिवंत जाळा असं एका पाद्र्याने छापून मागणी केली होती. १६६७ ला राजा लढाईवर असताना मोलियरने नाव बदलून, पात्राचे कपडे बदलून नाटक लावलं, एक प्रयोग झाला आणि पॅरिसचा मुख्य न्यायाधीश लामुआन्यों याने ते बंद पाडलं, आर्चबिशपने तर वाचणाऱ्यालाही बहिष्काराची धमकी दिली. दोन नट अर्ज घेऊन थेट लील शहराच्या वेढ्यात राजापर्यंत गेले, १००० लिव्र खर्च, थिएटर सात आठवडे बंद. मांजर असता तर १६६४ लाच नाटक गुंडाळून ठेवलं असतं. पाच वर्षं झगडला तो.

विंगेतला
दोघेही राजा राजा करत बसलात, कंपनीचं कोणी बोलतच नाही. मी या धंद्यात आहे म्हणून सांगतो, १६६० ला प्ती-बुर्बोंचं थिएटर कंपनीला न कळवता पाडायला घेतलं. तीन महिने प्रयोग नाही. दुसऱ्या कंपन्या नट फोडायला टपलेल्या. कंपनीतला नट ला ग्रांज याने हिशोबाच्या वहीत लिहून ठेवलंय, एकही माणूस फुटला नाही. पाले-रोयालचा हॉल मिळाला तर त्याच्या तीन तुळया कुजलेल्या, अर्ध्या हॉलला छप्पर नाही, तो दुरुस्त करून जानेवारी १६६१ ला पडदा वर.

का नाही फुटले? कारण पगार नव्हता, हिस्से होते. खर्च वजा जाता जे उरेल ते वाटून घ्यायचं आणि आकडा सगळ्यांना माहीत. इथे माझ्या एका निर्मात्याने दौऱ्याच्या नाइट्स (प्रयोगामागचं मानधन) अजून दिल्या नाहीत. बुकिंग किती झालं विचारलं की "बघू", हाऊसफुल्लचा बोर्ड आम्ही डोळ्यांनी बघितलेला, तरी "यावेळी लॉस आहे रे". फोन उचलत नाही आता. मला बंड वगैरे काही नको, मोलियरची वही पाहिजे.

सूत्रधार
ती वही ला ग्रांजची खाजगी होती, आणि त्याच वहीत लिहिलंय की १६६१ ला मोलियरने स्वतःला एकाऐवजी दोन हिस्से मागितले, लग्न झालं तर दुसरा बायकोला. पुढच्याच वर्षी आर्मांदशी लग्न. हीच का तुमची समता?

विंगेतला
अहो पण मागितले ना! कंपनीसमोर मागितले, कंपनीने हो म्हटलं, वहीत नोंद झाली. नाटक तो लिहिणार, बसवणार, मुख्य भूमिका तो करणार, मग दुसरा हिस्सा मागितला तर काय चुकलं? आमच्याकडे निर्माता किती घेतो हे देवालासुद्धा माहीत नसतं.

नेपथ्या
हिस्सेदारांचं कौतुक चाललंय म्हणून विचारते, बॅकस्टेजला किती हिस्से होते? शून्य. मेणबत्त्यांची काजळी कापणारे, यंत्रं ओढणारे, दारावरचे, सगळे रोजंदारीवर. माझे वडील आयुष्यभर सेट लावत आले, रात्री दोनला टेम्पोत मागे सामानावर बसून घरी यायचे. नटांची नाइट वाढली की पेपरात बातमी, यांचे पन्नास रुपये वाढवायला मात्र मीटिंग. त्यामुळे विंगेतलादादा, तुमचं दुःख खरं आहे पण हिस्सेवाली कंपनी म्हणजे स्वर्ग असं नका सांगू.

तरी मोलियरच्या बाजूने एक सांगते. १७ फेब्रुवारी १६७३, त्याच्या शेवटच्या 'मालाद इमाजिनेर' नाटकाचा चौथा प्रयोग, छातीचं दुखणं वाढलेलं, बायको आणि कंपनीतला तरुण नट बारों दोघं आज नको म्हणाले. तर तो म्हणाला की पन्नास गरीब कामगार रोजच्या मजुरीवर जगतात, प्रयोग नाही झाला तर ते काय करतील? प्रयोग केला आणि त्याच रात्री घरी वारला.

सूत्रधार
ही गोष्ट चरित्रकार ग्रिमारेस्तने १७०५ ला छापली, मोलियर जाऊन बत्तीस वर्षं झाल्यावर. बारोंच्या आठवणीवर. मरणाऱ्या माणसाच्या तोंडी नंतर काहीही घालता येतं.

नेपथ्या
वाक्य सोडा. तो आजारी असताना उभा राहिला आणि प्रयोग पूर्ण केला, एवढं तर मान्य आहे ना?

सूत्रधार
आहे. त्यात वाद नाही.

तिसरी घंटा
मग पुढचंही ऐका. गेल्यावर कंपनीचं काय झालं ते बघा. आठवड्यात त्याचंच 'मिझांत्रोप' लावून थिएटर उघडलं, पण ईस्टरला बारों, ला तोरिलियेर आणि बोव्हाल नवरा-बायको ओतेल द बुर्गोन्य या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले. १६६० ला छप्पर नसताना न फुटलेली कंपनी तो नसताना दोन महिन्यांत फुटली. आणि तुमच्या राजाने पाले-रोयालचा हॉल उचलून संगीतकार लुलीला ऑपेरासाठी देऊन टाकला. याला आश्रय म्हणता?

सूत्रधार
हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय! राजाच्या मनात आलं की हॉल मिळतो, मनात आलं की जातो. लुलीला १६७२ ला ऑपेराचा परवाना मिळाला तोच राजाकडून, इतर कंपन्यांचे गायक-वादक कमी करायला लावले, मोलियरला शेवटच्या नाटकाचं संगीत शार्पांतिएकडून घ्यावं लागलं. ज्याची मान दुसऱ्याच्या हातात तो स्वतंत्र कसा?

तिसरी घंटा
मान हातात असणं वेगळं आणि शेपूट हलवणं वेगळं. तुम्ही दुसरं म्हणालात.

जुना रसिक
आपल्याकडे 'संशयकल्लोळ'चं मूळ मोलियरपर्यंत जातं हे सगळ्यांना माहीत आहे, पण गंधर्व मंडळीही भागीदारीतच सुरू झाली होती हे विसरू नका. टेंबे, बोडस, बालगंधर्व. टेंबे गेले, मग फाल्गुनराव गाजवणारे बोडसही गेले, पुढे कर्ज किती झालं ते काय सांगायचं. भागीदारी नुसती कागदावर असून चालत नाही, चालवणारा लागतो.

विंगेतला
बरोबर. आणि मोलियरकडे तो होता, एवढंच मी म्हणतोय.

सूत्रधार
ठीक आहे, कंपनी चालवणारा म्हणून मानतो, कुजक्या तुळयांचा हॉल उभा करणं सोपं नाही. मांजर हा शब्द मागे घेतो, तिसरी घंटांना झोप लागावी म्हणून. बंडखोर मात्र मी म्हणणार नाही, 'दों जुआं' उतरवल्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

विंगेतला
ते तुम्ही दोघं बघा. नेपथ्याताई, तुमच्या वडिलांचे कोणाकडे थकले असतील तर मला मेसेज करा, आम्ही काही जण मिळून निर्मात्यांकडे लेखी हिशोब मागणार आहोत. त्यात बॅकस्टेजची नावं पहिली घालू.