मदत हवी आहे : 'शिरोली पुलाची' हे नाव कागदावर कधी आलं?

एमआयडीसीमुळे कोल्हापूरजवळची 'शिरोली' आज सगळ्यांच्या तोंडी आहे. पण 'पुलाची' ही ओळख कागदोपत्री कधीपासून दिसते, ते शोधायचं आहे. करवीर तालुक्यात शिरोली दुमाला आहे, त्यामुळे दोन्हींत फरक करायला काहीतरी जोडावं लागणारच. दुमाला म्हणजे इनामाकडचं गाव. ही शिरोली मात्र पुलावरून ओळखली गेली.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. पुलाचं साल म्हणून 1878 सांगतात, पण तो शिवाजी पूल, पन्हाळा-रत्नागिरी रस्त्यावरचा. आपल्याला पुणे रस्त्यावरचा पंचगंगेचा पूल हवा.

कुणाच्या घरी जुना सातबारा, फेरफार, इनामपत्र किंवा मोडी कागद असेल तर गावाचं नाव आणि तारीख असलेल्या ओळीचा फोटो टाका. फ्लॅश नको, खिडकीच्या उजेडात, कागद सपाट ठेवून. पक्षकारांची नावं झाका. इसवी सन काढायला, फसली सन (जुन्या महसुली कागदांवरचं वर्ष) असेल तर 590 मिळवा, शके असेल तर 78. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत एकाचा फरक पडतो. मोडीत 'शिरोळ' आणि 'शिरोली' घाईत सारखंच वाचलं जातं, म्हणून शेजारच्या गावांची नावंही फोटोत येऊ द्या.

दप्तरात शोधणाऱ्यांनी या शिरोलीचा आजचा तालुका, हातकणंगले, सापडला नाही म्हणून थांबू नये. संस्थानकाळात हा भाग आळते पेट्यात (तेव्हाचा तालुक्यासारखा विभाग) होता. पूल होण्याआधीच्या कागदावर नुसतं 'शिरोली' आहे की दुसरं काही, एवढं कळलं तरी पुष्कळ.