रुंजी : आवाज की घिरट्या?

मुलांसाठी कीटकांवरचं एक पुस्तक मराठीत आणते आहे. ‘भुंगा फुलाभोवती रुंजी घालत होता’ असं मी लिहिलं. संपादकांनी त्यात ‘गुणगुणत’ घातलं. म्हणाले, रुंजी म्हणजे नुसत्या घिरट्या, आवाज वेगळा सांगावा लागतो. मला तर रुंजी म्हटलं की आधी आवाजच ऐकू येतो. माझं चुकतंय का?

— संपादकांचं बरोबर आहे. ‘पोरगा तिच्याभोवती रुंजी घालतो’, यात कोण गुणगुणतं?

— मग घार रुंजी घालते असं का म्हणत नाही? घारीच्या घिरट्या, रुंजी भुंग्याचीच. हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृत व्याकरण लिहिलं, त्यात ‘रु’ म्हणजे आवाज करणे या धातूला रुंज आणि रुंट अशी रूपं दिली आहेत. गुंजारवातला ‘रव’ही त्याच ‘रु’चा. शब्द आधी कानाचा, डोळ्यांचा नंतर झाला.

— मला ते रुणझुणचं भावंड वाटतं. माउलींचं ‘रुणुझुणु रुणुझुणु रे भ्रमरा’ मोठ्याने म्हणून बघा, रुंजी त्यातच सापडते.

— नाद जुळला म्हणून नातं जुळत नाही.

— मूळ काहीही असो, आज आठवणी मनात रुंजी घालतात आणि ते सगळ्यांना कळतं. वापरात आहे तोच अर्थ.

— असं म्हणूनच शब्द बोथट होतात. डासाची भुणभुण, माश्यांचं घोंघावणं, भुंग्याची रुंजी, प्रत्येकाला आपला शब्द आहे. आठवणींसाठी ‘घोळणं’ आहे की!

— आमच्या कोकणातल्या घरी पडवीच्या वाशाला भुंग्याने बोटभर रुंद गोल भोक पाडलं होतं, खाली पिवळट भुसा पडायचा. एक भुंगा भोकासमोर हवेत जागच्या जागी थांबून घूं घूं करायचा. कुणी जवळ गेलं की अंगावर यायचा, परत तिथेच. एकही फेरी नाही, तरी आजी म्हणायची, ‘बघ, रुंजी घालतोय.’

— तो नर. त्याला नांगी नसते, नुसता भिववतो. वासा कशाचा होता? आमच्या दारावरच्या पट्टीलाही तशीच दोन भोकं पडली आहेत.

— बांबूचा. सुकं, रंग न लावलेलं लाकूड त्याला आवडतं. पट्टीला रंग द्या, पण आधी भोकात कान लावून ऐका, आत कुणी असेल.